पाच वड, एक पंचवटी

मराठी व्याकरणात द्विगू समासाचा पाठ आला की जी दोन-तीन उदाहरणे हमखास दिली जातात, त्यांत नवरात्र असते, त्रिभुवन असते आणि आमची पंचवटी असते. पाच वडांचा समूह ती पंचवटी. विग्रह सांगून गुरुजी पुढच्या समासाकडे वळतात आणि विद्यार्थीही वळतात. परंतु क्षणभर थांबून पाहिले तर ह्या लहानशा शब्दात एक मोठी बौद्धिक कृती दडलेली आहे. वड पाच आहेत, पंचवटी मात्र एक आहे. पाणिनीने आपल्या अष्टाध्यायीत अशा समासाचे एकवचन होते असा स्वतंत्र नियमच घालून दिला. अनेकांना एकत्र पाहून त्यांस एक नाव द्यावयाचे आणि मग त्या नावाला एकच वस्तू मानून बोलावयाचे, ही ती कृती. पुढे १८९५ मध्ये जर्मन गणिती गेऑर्ग कँटर ह्याने आपल्या एका प्रबंधाच्या आरंभी संचाची व्याख्या केली, तीही आशयाने हीच होती. आपल्या विचारातील निश्चित व परस्परांहून भिन्न अशा वस्तूंना एका समग्रतेत गोळा करणे म्हणजे संच. व्याकरणकार ज्याला समाहार म्हणतात, गणिती त्यालाच संच म्हणतो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

सीता गुंफेजवळ ज्या वडांवर यात्रेकरूंच्या सोयीसाठी क्रमांक लावलेले आहेत, ते वड ह्या संचाचे घटक. वडाची पारंबी हा मात्र त्या संचाचा घटक नव्हे. ती वडाचा भाग आहे, पंचवटीच्या गणनेत ती येत नाही. 'भाग असणे' आणि 'घटक असणे' ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे नवशिक्याला समजण्यास सर्वांत जड जाते. आमच्या धर्मग्रामाच्या नोंदवहीचा दाखला घेतल्यास ते सोपे होईल. नोंदवहीत कुटुंबांची यादी असते. त्या यादीचा घटक कुटुंब आहे, व्यक्ती नव्हे. शंभर कुटुंबे असलेल्या धर्मग्रामात माणसे चारशे असतील, तरी त्या यादीचे घटक शंभरच. रिक्त संचाचे कोडेही नोंदवहीच सोडविते. एखाद्या वर्षी उपवासकाळात एकही विवाह झाला नाही, तर त्या काळातील विवाहांची यादी 'नाही' असे आपण म्हणत नाही. यादी आहे, तिच्यात नाव नाही. रिक्त संच म्हणजे शून्यता नव्हे, रिकामे पान होय.

येथे एका धर्मगुरूने एक सावधगिरी सांगून ठेवणे इष्ट. पवित्र त्रैक्याचे रहस्य समजाविताना पुष्कळ जण तीन आणि एक ह्यांचे हे गणित वापरू पाहतात. तसे करू नये. परमेश्वर हा तीन घटकांचा संच नव्हे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एका समूहाचे सभासद नव्हेत. द्विगू समास पंचवटीला चालतो, त्रैक्याला नाही. असो.

आपल्या भागात गणिताची भाषा किती जुनी आहे, हे पाहावयाचे तर पांडवलेण्यांच्या डोंगरावर चढले पाहिजे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात तेथे लेणे खोदविले आणि भिक्षूंसाठी ठेव ठेविली. तिचा तपशील तेथील शिलालेखात कोरलेला आहे. एकंदर ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले होते. त्यांपैकी २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक ह्या व्याजाने. उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण ह्या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याजाचाच उपभोग घ्यावयाचा. पहिल्या रकमेतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. वाचकांनी स्वतः आकडेमोड करून पाहावी: दोन हजारांवर महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षूंना बारा-बारा दिले की दोनशे चाळीस पुरे. एक कार्षापण कमी नाही, एक जास्त नाही. त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, असेही गुणोत्तर दिले आहे. ह्या लेखांतील अंकचिन्हे गणिताच्या इतिहासकारांनी जगभर अभ्यासिली आहेत. त्यांत शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. सत्तर हजार लिहिण्यासाठी हजाराच्या चिन्हाला सत्तराचे चिन्ह जोडलेले आहे. हिशेब चोख आहे आणि तो त्या काळच्या लोकांच्या प्राकृत भाषेत आहे.

ह्यानंतर सुमारे अकराशे वर्षांनी खानदेशात दुसरा एक शिलालेख कोरला गेला, त्याने मला नेहमी विचारात पाडले आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघण ह्याच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने आपल्या आजोबांचा सिद्धांतशिरोमणी आणि तत्सम ग्रंथ शिकविण्यासाठी एक मठ स्थापिला. निकुंभ वंशातील सोइदेव ह्याने त्या मठाला १२०७ मध्ये दान दिले. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी हा लेख विद्वानांसमोर आणला. ह्या लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. त्यात वंशाची आणि विद्येची स्तुती आहे. अखेरीस मात्र मठाला कोणत्या मालावर किती उत्पन्न मिळावे, ह्या व्यवहाराच्या ओळी येतात आणि त्या जुन्या मराठीत आहेत. एकाच दगडावर विद्या संस्कृतात आणि वसुली मराठीत!

ही केवळ एका शिलालेखाची गोष्ट नाही. पुढची सहाशे वर्षे महाराष्ट्रात बुद्धीच्या कामाची अशीच वाटणी राहिली. पंतोजींच्या शाळेत मुले मराठीतून पाढे घोकीत. केवळ एक ते तीस असे पाढे नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकीसुद्धा. पावणेदोन, सव्वादोन, अडीच अशी अपूर्णांकांची एकशब्दी नावे ज्या भाषेत आहेत, ती भाषा हिशेबाला दुबळी कोण म्हणेल? परंतु 'का' हा प्रश्न विचारण्याचे, प्रमेय सिद्ध करण्याचे आणि प्रतिपक्षाचे खंडन करण्याचे काम संस्कृत पाठशाळेत चाले. तेथे अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हे प्रवेशाचे पुस्तक होते. वाण्याच्या मुलाला औटकी येई, त्याला व्याप्ती ठाऊक नसे. शास्त्र्याच्या मुलाला व्याप्ती येई, तो ती मराठीत मांडीत नसे. दोन विहिरी शेजारी-शेजारी होत्या, मध्ये पाट नव्हता.

तर्कसंग्रहातील ती व्याप्ती काय आहे, हे थोडे सविस्तर पाहू. कारण संचाच्या भाषेशी तिचे नाते अगदी जवळचे आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे, हे न्यायशास्त्रातील प्रसिद्ध अनुमान. ते पाच अवयवांत मांडतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी आम्ही ॲरिस्टॉटलचे तीन विधानांचे अनुमान शिकलो आणि बार्बारा, सेलारेंट, दारिई, फेरिओ ही मध्ययुगीन पाठशाळांतील लॅटिन नावे घोकली. पाच अवयव आणि तीन विधाने ह्यांतील भेद मोठा आहे, पण दोहोंचा कणा एकच आहे. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, म्हणजे धूर असलेल्या ठिकाणांचा संच हा अग्नी असलेल्या ठिकाणांच्या संचाचा उपसंच होय. उलट विधान खरे नाही, हे दाखविण्यासाठी नैयायिकांनी लोहाराच्या भट्टीतील तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण दिले. त्यात अग्नी आहे, धूर नाही. एक प्रतिउदाहरण दिले की 'सर्व' म्हणणारे विधान कोसळते, हा गणिताचा नियम त्या गोळ्यात आहे.

त्याहूनही सुंदर विचार आपल्या प्राचीन तार्किकांनी संस्कृतातील 'एव' ह्या अव्ययावर केला. सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती ह्याने ह्याचे तीन अर्थ वेगळे करून दाखविले आणि पुढे सर्वच संप्रदायांनी ते स्वीकारले. संस्कृत 'एव' जे काम करतो, तेच काम मराठीत आपला एकाक्षरी 'च' करतो, म्हणून उदाहरणे मराठीतूनच देतो. 'शंख पांढराच असतो' म्हटले की सर्व शंख पांढऱ्या वस्तूंत आले. पांढऱ्या वस्तू इतरही असतील. 'पार्थच धनुर्धर' म्हटले की पार्थावाचून दुसरा खरा धनुर्धर नाही. येथे समावेशाची दिशा उलटली. 'कमळ निळे असतेच' म्हटले की सर्व कमळे निळी असा अर्थ नाही. निळे कमळ अशी वस्तू आहे, एवढेच सांगावयाचे आहे. संचाच्या भाषेत पहिले वाक्य उपसंच सांगते, दुसरे उलट दिशेचा उपसंच सांगते आणि तिसरे दोन संचांचा छेद रिक्त नाही असे सांगते. एक अक्षर वाक्यात कोठे बसते त्यावर तर्काचा सारा अर्थ फिरतो. रोज मराठी बोलणारी आजीबाई हे तिन्ही 'च' अचूक वापरते. तिला त्यांची नावे ठाऊक नसतात, इतकेच.

आता पाट खणणाऱ्यांकडे वळू. परक्या ज्ञानाला आपल्या भाषेत नाव द्यावयाचे कसे, हा प्रश्न ख्रिस्तसभेला भारतात फार लवकर पडला. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तपुराणात काही संकल्पनांना मराठी-संस्कृत शब्द योजिले, तर काही शब्द लॅटिन-पोर्तुगीजमधून तसेच ठेविले. कोठे अनुवाद करावा आणि कोठे मूळ शब्दच रुळवावा, ह्याचा विवेक त्यांना करावा लागला. ते रोममध्ये येशूसंघात दाखल झाले त्या काळात तेथील रोमन कॉलेजात ख्रिस्तोफर क्लाव्हिउस हे विख्यात येशूसंघीय गणिती अध्यापन करीत होते. क्लाव्हिउस ह्यांचे शिष्य फादर मात्तेओ रिच्ची ह्यांनी चिनी पंडित श्यू ग्वांगची ह्यांच्या साहाय्याने युक्लिडची पहिली सहा पुस्तके चिनी भाषेत आणली. ती १६०७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि भूमितीसाठी त्यांनी योजिलेला शब्द चिनी भाषेत आजही चालतो. भारतात युक्लिड संस्कृतात आला तो अठराव्या शतकात, जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या आश्रयाने. जगन्नाथ सम्राट ह्यांनी अरबीवरून केलेले ते भाषांतर 'रेखागणित' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. परंतु तोही संस्कृतात. मराठीला अजून शंभर वर्षे वाट पाहावयाची होती.

ती वाट १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने मोकळी केली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे सैन्यातील अभियंते तिचे चिटणीस होते. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आदी शास्त्र्यांना बरोबर घेऊन त्यांनी इंग्रजी गणिताची पुस्तके मराठीत उतरविली. शास्त्री आणि अभियंता एका चटईवर बसले, आणि संस्कृतातील परिभाषा मराठी वाक्यात प्रथमच व्यवस्थित नांदू लागली. पुढे बाळशास्त्री जांभेकर आले. १८३२ मध्ये दर्पण काढणारा हा तरुण एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवीत असे. त्यांनी कलनशास्त्रावर 'शून्यलब्धिगणित' लिहिले. शून्याकडे जाणाऱ्या राशींतून काही लाभते, हे त्या नावात किती नेमके आले आहे! तो शब्द टिकला नाही ह्याची मला खंत वाटते. बाळशास्त्री १८४६ मध्ये वारले, तेव्हा ते पस्तीस वर्षांचेही नव्हते.

त्यांच्या मृत्यूच्या सुमारासच तो प्रसिद्ध वाद पेटला. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर एर्स्किन पेरी ह्यांचे म्हणणे असे की उच्च ज्ञान इंग्रजीतूनच द्यावे. देशी भाषांत त्यासाठी शब्दही नाहीत, पुस्तकेही नाहीत. कर्नल झालेले जर्व्हिस ह्यांनी ह्याला कडाडून विरोध केला आणि मंडळातील जगन्नाथ शंकरशेट आदी एतद्देशीय सभासद त्यांच्या बाजूस उभे राहिले. एक इंग्रज इंग्रजीसाठी आणि दुसरा इंग्रज मराठीसाठी झगडत होता, ही गोष्ट आजही मनोरंजक वाटते. जर्व्हिस ह्यांचे बळ असे की त्यांनी स्वतः पुस्तके केली होती. शब्द नाहीत असे त्यांना कोणी सांगू शकत नव्हते. तथापि व्यवहारात पेरी जिंकले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने आणि १८५७ च्या मुंबई विद्यापीठाने उच्च शिक्षणाची भाषा ठरवून टाकली. देशी भाषेतून गणित शिकविण्याचा असाच प्रयत्न दिल्ली कॉलेजात मास्टर रामचंद्र उर्दूतून करीत होते. १८५२ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला. त्यांचा महत्तम-लघुतमांवरील ग्रंथ १८५९ मध्ये लंडनला पुन्हा छापविला, तो ऑगस्टस डी मॉर्गन ह्यांनी. हे डी मॉर्गन जन्माने मदुरेचे. आधुनिक तर्कशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक.

त्यांच्या नावाचे दोन नियम आज आपली मुले शिकतात. नियम तसे साधे आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून उभे राहणाऱ्याने कॅथॉलिक असावे, दृढीकरण झालेले असावे आणि सर्वसाधारणपणे सोळा वर्षे पूर्ण केलेली असावीत, असे १९८३ ची धर्मसंहिता सांगते. इतरही अटी आहेत. ह्या अटी 'आणि' ह्या शब्दाने जोडलेल्या आहेत. म्हणून 'हा इसम पात्र नाही' ह्याचा अर्थ त्याची प्रत्येक अट अपुरी आहे असा नव्हे, तर निदान एक अपुरी आहे असा. 'आणि'चा निषेध केला की 'किंवा' येतो, 'किंवा'चा निषेध केला की 'आणि' येतो. डी मॉर्गन ह्यांनी एवढेच सांगितले. पंधरा वर्षांच्या मुलाला नकार मिळाला की घरचे म्हणतात, "म्हणजे आमचा मुलगा चांगला कॅथॉलिक नाही, असेच ना?" हा तर्कदोष आहे, आणि त्यावरून दोन-दोन वर्षे अबोला धरलेला मी पाहिला आहे.

'तर' आणि 'तरच' ह्यांचेही असेच. 'पाऊस पडला तर मिरवणूक निघणार नाही' असे व्यासपीठावरून सांगितले आणि पाऊस पडला नाही, तर मिरवणूक निघेलच असे वचन त्यात नाही. ऐकणारे मात्र ते गृहीत धरतात. गणितात ह्या तीन गोष्टींसाठी 'तर', 'तरच' आणि 'तर आणि तरच' असे तीन वेगळे प्रयोग ठरलेले आहेत आणि मराठी त्यांना पुरून उरते. एका बाबतीत मात्र मराठी सैल आहे. 'सगळे आले नाहीत' ह्या वाक्याचा अर्थ काही आले, काही आले नाहीत असा. पण आवाजाचा थोडा हेल बदलला की कोणीच आले नाही असाही तो ऐकू येतो. गणिताच्या पुस्तकात हेल छापता येत नाही. म्हणून तेथे 'एकही आला नाही' आणि 'किमान एक आला नाही' असे फोडून लिहावे लागते.

'सर्व'चा निषेध पवित्र शास्त्राच्या वाचकालाही उपयोगी आहे. संत पौलाच्या तीताला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात क्रेत बेटावरील लोकांपैकीच एकाने आपले लोक सदा खोटे बोलतात असे म्हटल्याचा उल्लेख येतो. ह्यावरून तार्किकांनी शतकानुशतके कोडे घातले: बोलणारा स्वतः क्रेतकर, मग त्याचे म्हणणे खरे की खोटे? खरे मानले तर तो स्वतः खोटा ठरतो. खोटे मानले तर? पुष्कळांना वाटते की येथेही पेच पडतो. पण तो पडत नाही. 'सर्व क्रेतकर सदा खोटे बोलतात' हे खोटे म्हणजे एखादा तरी क्रेतकर कधी तरी खरे बोलला. बोलणारा लबाडच राहतो आणि दुसरा कोणी सत्यवचनी निघतो. विसंगती उरत नाही. संत पौल तर्काचा पाठ देत नव्हते. उलट ही साक्ष खरी आहे असा शेरा त्यांनी पुढे दिला आहे, कारण त्यांना तीताच्या मंडळीची काळजी होती.

खरा पेच १९०२ च्या जून महिन्यात निघाला. बर्ट्रंड रसेल ह्यांनी गोट्लोब फ्रेग ह्यांना पत्र लिहून विचारले की जे संच स्वतःचे घटक नाहीत त्या सर्वांचा मिळून एक संच केला, तर तो स्वतःचा घटक आहे की नाही? आहे म्हणावे तर नाही ठरतो, नाही म्हणावे तर आहे ठरतो. मनाला येईल त्याचा संच करता येत नाही, हे त्या दिवशी गणिताला कळले.

संचाच्या ह्या इतिहासात धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे, आणि आपल्या वाचकांना तो क्वचितच सांगितला जातो. प्रागचे कॅथॉलिक धर्मगुरू बेर्नार्ड बोल्झानो ह्यांना १८१९ मध्ये सम्राटाच्या आज्ञेने प्राध्यापकपदावरून दूर करण्यात आले. त्यानंतरच्या एकांतात त्यांनी तर्कशास्त्रावर आणि अनंतावर लिहिले. अनंताच्या विरोधाभासांवरील त्यांचा ग्रंथ मृत्यूनंतर १८५१ मध्ये निघाला. सम संख्या सर्व संख्यांच्या निम्म्या असाव्यात असे वाटते, परंतु एकाला दोन, दोनाला चार, तीनाला सहा अशा जोड्या लावीत गेले तर दोहोंपैकी कोणीही उरत नाही. मंदिरात प्रत्येक खुर्चीवर एकच माणूस आणि प्रत्येक माणसाला एकच खुर्ची असेल, तर न मोजताही दोन्ही सारख्याच आहेत असे आपण म्हणतो; अनंताला हीच कसोटी लावली की भाग आणि समग्र सारखे ठरतात.

ह्या वाटेने कँटर पुढे गेला आणि अनंतातही लहान-मोठे असते, हे त्याने सिद्ध केले. तो स्वतः प्रोटेस्टंट होता, परंतु त्याची आई कॅथॉलिक होती. सहकारी गणितींनी टीका केली, तेव्हा त्याने ज्यांच्याशी पत्रव्यवहार केला त्यांत कॅथॉलिक तत्त्वज्ञ व ईशज्ञानी होते. १८७९ मध्ये पोप लिओ तेरावे ह्यांनी संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या तत्त्वज्ञानाचे पुनरुज्जीवन करण्याविषयी परिपत्रक काढले होते आणि अनंताचा प्रश्न त्या वर्तुळात जिवंत होता. येशूसंघाचे कार्डिनल योहान बाप्टिस्ट फ्रांझेलिन ह्यांना भीती वाटली की सृष्टीत प्रत्यक्ष अनंत आहे असे मानले तर सृष्टी आणि परमेश्वर एकच मानण्याच्या चुकीकडे वाट जाईल. कँटरने उत्तर दिले की अनंत दोन प्रकारचे आहेत: एक अनिर्मित, केवल, जो परमेश्वर, दुसरा निर्मित, वाढविता येणारा, ज्याचा अभ्यास गणित करते. १८८६ मध्ये कार्डिनलांनी मान्य केले की असा भेद ठेविला तर श्रद्धेला ह्यात धोका नाही. एका मुद्द्यावर मात्र त्यांनी कँटरला अडविले. परमेश्वर परिपूर्ण आहे म्हणून त्याने असा अनंत निर्माण केलाच पाहिजे, असे कँटर सुचवीत होता. 'केलाच पाहिजे' म्हटले की परमेश्वराच्या स्वातंत्र्याला बाध येतो, असे वृद्ध कार्डिनलांनी बजाविले. पुन्हा तो 'च'! गणिताचे स्वातंत्र्य राखून ईशज्ञानाची एक सीमा दाखविणारे हे पत्र मला त्या काळातील एक फार समतोल पत्र वाटते. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रांझेलिन वारले.

कँटरचा संच मराठी मुलांपर्यंत पोहोचण्यास जवळजवळ शतक लागले. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली आणि तेथील शाळांत 'नवे गणित' आले. ती लाट जगभर पसरली. महाराष्ट्रात दहावीच्या नव्या आकृतिबंधाची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली, आणि त्या काळच्या पाठ्यपुस्तकांतून 'संच' हा शब्द घरोघर गेला. वडीलधारी मंडळी कुरकुरली. पावकी-निमकी गेली आणि ही वर्तुळे कसली, असे म्हणू लागली. ती वर्तुळे जॉन व्हेन ह्यांच्या नावाने ओळखली जातात. तेही अँग्लिकन धर्मगुरू होते. कुरकुर अगदीच निराधार नव्हती. अमेरिकेतही १९७३ मध्ये मॉरिस क्लाइन ह्यांनी पोरांना बेरीज येईनाशी झाली असा पुस्तकभर आक्षेप घेतला होता.

परंतु शब्द मात्र उत्तम निवडला गेला. हिंदीने 'समुच्चय' घेतला. मराठीने 'संच' घेतला. भांड्यांचा संच, पुस्तकांचा संच हे स्वयंपाकघरातले आणि दुकानातले शब्द आहेत. सगळेच शब्द इतके भाग्यवान नाहीत. 'छेद' हा अपूर्णांकाच्या रेषेखालीही बसतो आणि दोन संचांच्या सामाईक भागालाही तोच शब्द आहे. 'संयोग' म्हटले की मुलांना योगायोग आठवतो. 'घात' ह्या शब्दाविषयी तर बोलावयासच नको, 'दोनाचा तिसरा घात' ऐकून एका लहान मुलीने मला विचारले होते, "पहिले दोन घात कोणी केले?" तरी मी म्हणेन की अशा प्रश्नांतूनच शब्दाचा अर्थ पक्का होतो. परका शब्द असा प्रश्न उठवीत नाही. तो निमूट पाठ होतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टऐवजी 'साठ तीन' असे वाचन सुचविले गेले, तेव्हा किती गदारोळ झाला हे वाचकांना स्मरत असेल. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर ह्यांचे म्हणणे सरळ होते: मराठीत एकक आधी बोलले जाते आणि दशक नंतर, लिहिताना क्रम उलटतो, शिवाय जोडाक्षरे, लहान मुले त्यात अडखळतात. पारंपरिक नावे रद्द केलेली नव्हती, जोडीला दुसरी वाट दिलेली होती. 'किंवा'चे ते विधान होते. ऐकणाऱ्यांनी 'ऐवजीच' असे ऐकले आणि विनोद, व्यंगचित्रे, अग्रलेख ह्यांचा पाऊस पडला. डॉ. नारळीकर २०२३ मध्ये निवर्तल्या.

आज राज्य मंडळाच्या नववीच्या गणिताच्या पहिल्या भागातले पहिलेच प्रकरण 'संच' हे आहे, आणि बारावीच्या गणिताचा आरंभ तर्कशास्त्राने होतो. मधल्या दोन वर्षांत मराठी माध्यमाच्या मुलाची भाषा बदललेली असते. विज्ञान शाखा इंग्रजीत असते. त्याने नववीत शिकलेला उपसंच अकरावीत दुसऱ्या नावाने समोर येतो आणि तो ओळखीचा आहे हे त्याला कोणी सांगत नाही. कित्येक शाळांनी सेमी-इंग्रजीचा मार्ग काढला, तेथे गणिताचा तास इंग्रजी शब्दांचा आणि मराठी वाक्यांचा असतो. मुले हुशार आहेत, ती निभावून नेतात. आमच्या धर्मग्रामात सुटीत येणाऱ्या अकरावीच्या मुलांना मी एकच काम सांगतो: आजच्या तासाला शिकलेली व्याख्या घरी जाऊन आजीला मराठीत सांगा, तिला समजली की नाही ते पाहा आणि ती कोणत्या शब्दावर अडली ते लिहून आणा. गेल्या वर्षी एका मुलाने लिहून आणलेल्या कागदावर एकच ओळ होती: आजी म्हणते, रिकामा डबाही डबाच असतो, त्यात शिकवायचे काय?